मंडळीत परत येताना: दाखला, दृढीकरण आणि मला मिळालेलं काम

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सर्वांत जुन्या बाप्तिस्मा नोंदवहीची नक्कल पूर्ण झाली. एकूण १,१४६ नोंदी. शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, पाळकसाहेबांनी सही केली आणि कपाटाला कुलूप लागलं. त्या दिवशी घरी आल्यावर ठरवलं की जानेवारी २०२३ पासून काय काय झालं ते एकदा सविस्तर लिहायचं. अनेक वर्षांनी चर्चची पायरी चढणाऱ्या माणसाला कुणाला काय विचारावं हेही कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

सुरुवात आईपासून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती प्रभूत निजली. माती देताना सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली आणि मी मध्येच अडकले. 'आमच्या अपराधांची आम्हांस क्षमा कर' इथपर्यंत आले आणि पुढचे शब्द आठवेनात. लहानपणी रोज रात्री आईच्या कुशीत म्हटलेली प्रार्थना होती ती. सतरा वर्षं मी उपासनेला गेले नव्हते. मोठं भांडण वगैरे काही झालं नव्हतं. तरुण संघात एकदा एक प्रश्न विचारला होता, त्यावर 'असं विचारायचं नसतं' एवढंच उत्तर मिळालं. मग शिक्षण, नोकरी, गाव बदलणं. एक रविवार चुकतो, मग दुसरा, आणि मग चुकल्यासारखंही वाटत नाही.

१५ जानेवारी २०२३ ला घराजवळच्या चर्चमध्ये गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. त्या दिवशी कशासाठी आले होते ते मला सांगता आलं नसतं. दारात एका वडीलमाणसाने हात मिळवून 'आपण नवीन?' असं विचारलं. पुढच्या दोन रविवारीही त्यांनीच, तेच विचारलं. तिसऱ्यांदा मला रडू आलं. आज मी त्यांना चांगली ओळखते. दारात उभं राहून शंभर माणसांशी हात मिळवणाऱ्याला सगळे चेहरे कसे लक्षात राहणार? पण तेव्हा वाटलं की आपण इथे कुणाच्याच हिशेबात नाही. नव्याने जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की शक्यतो दर आठवड्याला त्याच वेळच्या उपासनेला जा आणि त्याच बाकावर बसा. माणसं चेहऱ्याआधी जागा लक्षात ठेवतात. पाचव्या रविवारी माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी मागे वळून म्हणाल्या, "मागच्या वेळी दिसली नाहीस गं?" त्या आठवड्यात मी तापाने पडून होते. माझी गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात आली होती.

राखेच्या बुधवारी, २२ फेब्रुवारीला, उपासना संपल्यावर धीर करून पाळकसाहेबांना विचारलं, "मला सभासद व्हायचंय, काय करावं लागेल?" त्यांनी शांतपणे दोन कागद सांगितले. एक बाप्तिस्म्याचा दाखला, दुसरं आधीच्या मंडळीचं बदलीपत्र. माझ्याकडे दोन्ही नव्हते. आईच्या पेटीत शाळेच्या प्रगतिपुस्तकांपासून सगळं सापडलं, हे दोन कागद मात्र नाहीत. मी विचारलं, "मग तोवर प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, यायचं नाही का?" ते म्हणाले, "ताई, बाप्तिस्मा झालाय हे तुम्हांला माहीत आहे ना? मग कागदासाठी प्रभूच्या मेजापासून लांब राहू नका. दाखला मला दफ्तरासाठी हवाय." हा नियम सगळीकडे सारखा नसतो. कॅथलिक मंडळीत आणि काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत याबाबत वेगळी शिस्त आहे, म्हणून आपल्या पाळकांना किंवा फादरांना आधीच विचारलेलं बरं. मला परवानगी होती, तरी मी ईस्टरपर्यंत मेजाजवळ गेले नाही. पाय उचलत नव्हते.

२७ फेब्रुवारीला माझ्या जुन्या मंडळीला पहिलं पत्र टाकलं. सहा आठवडे उत्तर नाही. १२ एप्रिलला दुसरं पत्र पाठवलं, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं. तरी काही नाही. ९ मे रोजी शेवटी फोन लागला. पलीकडून उत्तर आलं की त्या जन्मतारखेची नोंद आमच्या वहीत नाही.

ते वाक्य ऐकून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. आई गेली, वडील त्याआधीच गेलेले. माझा बाप्तिस्मा पाहिलेलं कुणी उरलंय का, हेच माहीत नव्हतं. मी परत आमच्या पाळकसाहेबांकडे गेले आणि विचारलं, "पुन्हा बाप्तिस्मा घेऊ का?" त्यांनी ठाम नकार दिला. बाप्तिस्मा एकदाच. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात 'एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा' म्हटलंय. मतभेद असलेल्या अनेक मंडळ्यांनी मिळून १९८२ मध्ये लिमा इथे जो दस्तऐवज तयार केला, त्यातही बाप्तिस्मा पुन्हा करायची गोष्ट नाही असंच म्हटलंय. प्रौढपणी घेतलेलाच बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळ्यांची भूमिका वेगळी आहे, हेही त्यांनी सांगितलं. मग दाखला मिळालाच नाही तर? पाहिलेल्या साक्षीदाराचं लेखी निवेदन चालतं. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही, कुणाच्या हक्काला बाध येत नसेल तर, एका विश्वासार्ह साक्षीदाराची साक्ष पुरेशी मानली आहे. आणि काहीच पुरावा नसेल, खरोखर शंका असेल, तर 'जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर' अशी अट घालून बाप्तिस्मा देण्याची जुनी रीत आहे. हे ऐकून मला फार हलकं वाटलं. माझ्यासारखी माणसं आधीही होऊन गेली होती आणि त्यांच्यासाठी कुणीतरी वाट काढून ठेवली होती.

"पण त्याआधी," ते म्हणाले, "एकदा स्वतः जाऊन वही बघून या."

जूनमध्ये दोन दिवसांची रजा काढली. तिथलं दफ्तर आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, उघडं असतं. जाण्याआधी हे विचारून घ्या, नाहीतर प्रवास फुकट जातो. १५ जूनला, गुरुवारी, सकाळी दहाला मी दारात होते. दफ्तर सांभाळणारे काका खूप म्हातारे होते. भिंग घेऊन बसले होते. मी जन्मतारीख सांगायला लागले तशी त्यांनी हात वर केला. "बाळ, जन्मतारीख नको सांगू. पाणी कधी पडलं ते सांग."

मला कुठे माहीत होतं? पण चूक तिथेच होती. बाप्तिस्म्याच्या वहीत नोंदी बाप्तिस्म्याच्या तारखेने असतात. जन्मतारीख आतल्या एका रकान्यात असते. फोनवर ज्यांनी पाहिलं त्यांनी माझ्या जन्माच्या महिन्याचं पान उघडलं आणि मिटलं. तुमचीही नोंद 'नाही' असं कुणी सांगितलं, तर निदान जन्मानंतरची तीन वर्षं बघायला सांगा आणि वहीच्या शेवटची पानंही चाळायला सांगा. उशिरा आलेल्या नोंदी कधी कधी तिथे असतात. नाव वडिलांच्या नावाने लागलंय की आडनावाने, हेही दोन्हीकडे बघावं.

आम्ही दोघांनी मिळून शोधलं. काका बोट ठेवून एकेक ओळ वाचत आणि मी ऐकत होते. पावणेदोन तास गेले. मी सात महिन्यांची असताना माझा बाप्तिस्मा झाला होता. माझं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने उभे राहणारे धर्मपिता आणि दोन धर्ममाता, पाळकांची सही. आणि आईच्या नावाचा रकाना कोरा.

काका म्हणाले, "त्या काळात असं व्हायचं. लिहिणारा घाईत असला की बाईचं नाव राहायचं." मी म्हटलं, "काका, तुम्ही दाखल्यावर लिहा ना, मी नाव सांगते." ते नाही म्हणाले. आवाजात कडकपणा नव्हता, पण माघारही नव्हती. दाखला म्हणजे वहीचा उतारा. वहीत नाही ते दाखल्यावर येत नाही. वहीत भर घालायची तर पाळकांच्या नावे लेखी अर्ज, आईवडिलांच्या विवाहाच्या दाखल्याची प्रत, ओळखीचा पुरावा आणि मंडळीच्या समितीची मंजुरी लागते. त्यानंतरही मूळ ओळीला कुणी हात लावत नाही. समासात शेरा लिहायचा, खाली तारीख आणि सही. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. विवाहाच्या दाखल्याची प्रत नंतर पाठवते म्हणून सांगितलं आणि कोऱ्या रकान्याचा दाखला घेऊन निघाले. दाखल्याला ठरलेली फी नव्हती, पेटीत जमेल ते टाका म्हणाले. खरा खर्च प्रवासाचा आणि रजेचा झाला.

निघताना काकांनी वही एका जाड सुती कापडात गुंडाळली. तीस वर्षांपेक्षा जास्त काळ ते हे करत होते. "आता दिसत नाही," ते म्हणाले, "माझ्यानंतर कोण, ठाऊक नाही." मी मान हलवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून पळाले. त्या वाक्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

बदलीपत्र मात्र मिळणार नव्हतं. सतरा वर्षं मी कुठल्याच यादीत नव्हते, त्यामुळे बदलायला सभासदत्वच उरलं नव्हतं. आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं की यावर उपाय सोपा आहे. लहानपणी दृढीकरण झालेलं नाही ना, मग आता ते घ्या. त्यानेच सभासदत्व मिळेल. दृढीकरण म्हणजे लहानपणी आपल्या वतीने दिलेली बाप्तिस्म्याची वचनं मोठेपणी स्वतः कबूल करायची आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची.

वर्ग ७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाला. दर गुरुवारी संध्याकाळी, एकूण अकरा बैठका, फी नाही. वर्गात नऊ मुलं-मुली, सगळी तेरा-चौदा वर्षांची, एक साठीचे गृहस्थ आणि मी. पहिल्या दिवशी फार अवघड वाटलं. मुलांना दहा आज्ञा क्रमाने पाठ होत्या, माझ्या पाचव्या-सहाव्यात गोंधळ व्हायचा. पण हळूहळू उलट झालं. मुलं प्रश्न विचारायला कचरायची आणि आम्ही दोघं मोठी विचारायचो. तरुण संघात अर्धवट राहिलेला माझा प्रश्न मी चौथ्या बैठकीत पुन्हा विचारला. प्रार्थना करूनही माणूस बरा होत नाही तेव्हा काय म्हणायचं? या वेळी गप्प बसवलं नाही. पाळकसाहेब म्हणाले की त्यांनाही पूर्ण उत्तर माहीत नाही, आणि मग स्तोत्र ८८ काढून वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच असलेलं स्तोत्र. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे हेच मला माहीत नव्हतं.

आम्ही प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायची विश्वासाची थोडक्यात कबुली, ओळीओळीने शिकलो. हा विश्वास शब्दांत मांडायला बिशप जमले ती निकायाची परिषद ३२५ सालची, कॉन्स्टँटिनोपलची ३८१ ची, तिथे कशावरून वाद झाले, एकेका शब्दासाठी माणसं किती झगडली, हे ऐकताना वेळ कसा जायचा कळत नसे. दृढीकरणाचं मूळ म्हणून प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय वाचला. शोमरोनात बाप्तिस्मा झालेल्यांवर पेत्र आणि योहान येऊन हात ठेवतात, तो प्रसंग. दृढीकरण घेणाऱ्यांना माझा सल्ला असा, की विधीचा क्रम आधी एकदा वाचून ठेवा, विशेषतः आपण मोठ्याने द्यायची उत्तरं. त्या दिवशी घसा कोरडा पडतो.

२६ नोव्हेंबर २०२३, आगमनकाळाच्या आधीचा रविवार. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि माझं पूर्ण नाव घेऊन, या लेकराचं रक्षण कर, अशी प्रार्थना केली. त्या हाताचा भार अजून आठवतो. सांगण्यासारखी एकच भावना होती. मला नावाने हाक मारली गेली होती आणि ती सगळ्यांनी ऐकली होती. आई पुढच्या बाकावर असायला हवी होती.

मला वाटलं होतं की इथे वाट संपेल. सभासद झाले, जागा मिळाली. पण डिसेंबर सरला आणि लक्षात आलं की मी फक्त येते आणि जाते. मंडळीत एक प्रश्नावली भरून घेतात, तुमचं कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी, कोणतं हे ओळखण्यासाठी. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातली सात दानं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायातली यादी, यांवर बेतलेले साठ प्रश्न. माझं उत्तर आलं 'शिक्षण'. म्हणून ७ जानेवारी २०२४ पासून मला संडे स्कूलला घेतलं, सहा ते आठ वर्षांचा गट.

बारा रविवार शिकवलं. मला ते जमलं नाही. शनिवारी रात्री झोप लागायची नाही. मुलं गोड होती, सोबतची ताई समजूतदार होती, दोष कुणाचाच नव्हता. नोहाच्या तारवात किती प्राणी होते यावरून वर्गात जो गोंगाट उठायचा, त्यात माझा आवाज बुडून जायचा आणि मी आतून आकसत जायचे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी वर्ग संपल्यावर मी रिकाम्या खोलीत रडले. देवाने दिलेलं दान हेच असेल आणि तेही मला पेलत नसेल, तर मग माझा उपयोग काय, असं वाटत होतं. प्रश्नावलीवर माझा राग नाही. बोलायला तोंड फुटावं म्हणून ती बरी आहे. पण तिचं उत्तर म्हणजे देवाची आज्ञा नव्हे, हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी इथे सांगतेय.

गायनवृंदातही दोन महिने गेले. तिथे कुणी नको म्हटलं नाही, पण गरजही नव्हती.

पेंटेकॉस्टनंतर, मे २०२४ च्या शेवटी, मी पाळकसाहेबांना सांगितलं की मला सगळ्यातून मोकळं करा. त्यांनी लगेच दुसरं काम पुढे केलं नाही. म्हणाले, "काही दिवस नुसत्या या. बसा. रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय वाचलाय का? तो हळू वाचा." हा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी. उपासनेत तो वाचलेला मला आठवत नव्हता. फीबी, प्रिस्का, अक्विला, मरिया आणि कितीतरी. पौल एकेकाला सलाम सांगतो, आणि जमेल तिथे त्या माणसाने काय केलं तेही एका वाक्यात लिहितो. त्यात एक रूफ आहे. त्याच्या आईबद्दल पौल म्हणतो की ती मलाही आईसारखी आहे. पण तिचं नाव लिहिलेलं नाही. मी तिथेच थांबले. माझ्या दाखल्यावरचा कोरा रकाना डोळ्यांसमोर आला. आणि मग बाविसावं वचन, जिथे पत्र लिहून घेणारा स्वतःच बोलतो. मी तर्तिय, हे पत्र लिहिणारा, मीही तुम्हांला सलाम सांगतो. एवढं मोठं पत्र त्याच्या हातून उतरलं आणि त्यात त्याची स्वतःची ओळ एकच. जून महिनाभर मी तो अध्याय वाचत राहिले.

२० जुलैला, शनिवारी, वर्गणीची पावती घ्यायला दफ्तरात गेले होते. तिथे एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांना वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी होती आणि चिटणीस साहेबांना दुसऱ्या कामाला निघायचं होतं. ते म्हणत होते, "तारखेशिवाय कसं शोधणार, बाई?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शोधू का?" चिटणीस साहेबांनी कपाट उघडून दिलं. मी त्या बाईंना जन्मतारीख सोडून बाकी सगळं विचारलं. धाकट्या भावाचा बाप्तिस्मा आधी झाला की नंतर? त्या वेळी पाळक कोण होते? घरी कुणाचं नाव धर्ममाता म्हणून घेत? तीन तासांनी ओळ सापडली. बाईंनी काचेवरून हात फिरवावा तसा पानावरून हात फिरवला, न टेकवता. मी वर पाहिलं तेव्हा बाहेर अंधार पडत होता आणि मला भूक लागल्याचंही कळलं नव्हतं. तीन तासांत एकदाही मी आतून आकसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना म्हटलं, "त्या वह्यांची पानं तुटायला लागली आहेत. नक्कल करू का?"

लगेच होकार मिळाला नाही, आणि ते योग्यच होतं. नोंदवही ही मंडळीचं दफ्तर आहे आणि त्यात लोकांचं खाजगी आयुष्य आहे. समितीपुढे अर्ज गेला. १ सप्टेंबर २०२४ ला ठराव झाला, मला अधिकारपत्र मिळालं आणि गुप्ततेच्या हमीपत्रावर सही घेतली गेली. वही इमारतीबाहेर न्यायची नाही, फोनवर फोटो काढायचे नाहीत, कपाटाच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. पुढे वाचनात आलं की १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशला नोंदवही ठेवायचा हुकूम काढला, तेव्हाही ती दोन कुलपांच्या पेटीत ठेवून एक किल्ली पाळकाकडे आणि दुसरी विश्वस्तांकडे द्यायला सांगितली होती. कॅथलिक मंडळीत ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये अशा नोंदींचा नियम घालून दिला. आमच्या लोखंडी कपाटासमोर उभी राहिले की मला त्या पेटीची आठवण होते.

१४ सप्टेंबरपासून दर शनिवारी तीन तास. कुणाला आपल्या मंडळीत हे करायचं असेल तर शिकलेल्या काही गोष्टी सांगते. जुन्या वहीजवळ पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, प्लॅस्टिकमध्ये बंद करायचं नाही, दोन्हींनी कागद पुढे आणखी खराब होतो. आणि सर्वांत कठीण म्हणजे आहे तसंच उतरवायचं. शुद्धलेखन चुकलेलं दिसलं तरी दुरुस्त करायचं नाही. अक्षर लागत नसेल तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवायचं, अंदाजाने भरायचं नाही. पहिल्या महिन्यात मी अंदाजाने तीन नावं भरली होती. पुढे त्याच लेखकाचं अक्षर ओळखीचं झाल्यावर कळलं की तिन्ही चुकली होती.

त्या नोंदींत काय काय आहे हे सांगताना मी कुणाची ओळख सांगणार नाही. पण काही रकाने वाचून पेन्सिल खाली ठेवावी लागते. 'घरी बाप्तिस्मा, जीव धोक्यात.' बाळ जगेल की नाही अशी वेळ असताना पाळकांची वाट न पाहता कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो, आणि ते सुइणीने किंवा आजीने केलेलं आहे. कुठे पुढे 'मंडळीत स्वीकार' अशी दुसरी तारीख आहे. कुठे नाही. वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ असलेल्या नोंदी आहेत, आणि त्या बाळांना धर्मपिता म्हणून उभं राहिलेल्या माणसाची सही ठळक आहे. आणि आईचा रकाना कोरा असलेल्या नोंदी. मी मोजल्या, ६४.

नक्कल करताना मी प्रत्येक नाव हलक्या आवाजात वाचते. सुरुवातीला चूक होऊ नये म्हणून वाचत होते. कधीतरी ती प्रार्थना झाली.

यातूनच पुढचं निघालं. नोंदवहीत आहेत पण अनेक वर्षांत आलेली नाहीत अशी, अलीकडच्या काळातली, हयात माणसं पाळकसाहेबांनी ओळखली. एकतीस जण निघाले. समितीने ठरवलं की प्रत्येकाला बाप्तिस्म्याच्या वाढदिवशी एक हाताने लिहिलेलं पत्र पाठवायचं, काही मागायचं नाही, फक्त आठवण आहे एवढं कळवायचं. पत्रं मी लिहिते. आतापर्यंत नऊ उत्तरं आली. एकाने लिहिलं की बाप्तिस्म्याची तारीख त्याला पहिल्यांदाच कळली. एकीने कळवलं की कृपया पुन्हा पत्र पाठवू नका. ते वाचून वाईट वाटलं, पण तिचा तो हक्क आहे. घडलेल्या बाप्तिस्म्याची नोंद पुसली जात नाही. पत्रांच्या यादीतून तिचं नाव त्याच दिवशी काढलं आणि तसं तिला कळवलं. नऊपैकी दोघं आता कधी कधी येतात. त्यांतला एक शेवटच्या बाकावर बसतो. मी त्याला 'आपण नवीन?' असं विचारत नाही, त्याच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसते.

मार्च २०२५ मध्ये माझ्या जुन्या मंडळीतून पाकीट आलं. मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाठवलेली विवाहाच्या दाखल्याची प्रत कुठेतरी अडकून पडली होती. नंतर तीन वेळा आठवण करून दिली, तेव्हा समितीपुढे विषय आला. नवीन दाखला होता. आईच्या रकान्याखाली 'समासातील शेऱ्याप्रमाणे' असं लिहून तिचं पूर्ण नाव. दोन वर्षांपूर्वीचं काकांचं अक्षर मला ओळखता येत होतं, हे त्यांचं नव्हतं. कुणीतरी नवीन माणूस लिहायला लागला होता. अक्षर कोवळं होतं, पण सरळ होतं.

८ नोव्हेंबर २०२५ ला पहिली वही संपली. अजून तीन आहेत. त्याच महिन्यात चालू नोंदवही लिहायचं कामही चिटणीस साहेबांनी माझ्याकडे दिलं. २३ तारखेला, रविवारी, एका बाळाचा बाप्तिस्मा होता. उपासनेनंतर आईवडील आणि धर्ममाता दफ्तरात आले. बाळ झोपलं होतं, कपाळ अजून ओलं होतं. मी पक्क्या शाईचं पेन घेतलं आणि आधी कच्च्या कागदावर सगळं उतरवलं. बाळाचं नाव, तारखा, वडिलांचं नाव. मग आईला विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." ती घाईने म्हणाली, "माझं काय, यांचंच घाला." मी म्हटलं, "नाही, सावकाश सांगा." तिने सांगितलं. मी कच्चा कागद तिच्यासमोर ठेवला. तिने दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही वेलांटी दीर्घ आहे." मी ती दुरुस्त केली, मग वही उघडली आणि तिच्या नावाच्या रकान्यापासून लिहायला सुरुवात केली.